जागा आकसन उपसमिती

जगात जागा कमी नाही, जागा करून देणारी माणसं कमी आहेत, असं लोक बोलतात. ते बरोबर नाही. जागा करून देणारी माणसं भरपूर आहेत. इतकी, की ती सगळी एका खोलीत जमली तर ज्याला जागा हवी त्यालाच बाहेर उभं राहावं लागतं.

सुरतेत नवागामला खान्देश स्नेहवर्धक मंडळाच्या कार्यालयात असंच झालं. बाहेर उभी होती हर्षदा, मंडळाचे सल्लागार दगाआप्पा यांची सून. तिला जागा हवी होती, पण खोलीत नव्हे. मंडळाच्या कॉम्प्युटरमध्ये.

मंडळाबद्दल दोन शब्द आधी सांगायला हवेत, कारण मंडळाला ते आवडतं. धुळे, नंदुरबार, जळगावकडून मागावर काम करायला आलेल्या लोकांनी ते काढलं. कार्यालय पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आहे, त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक निर्णयावर थोडंफार पीठ असतं. घटनेत उद्दिष्टं पुष्कळ लिहिलेली आहेत, पण मंडळ काम एकच करतं आणि ते जीव ओतून करतं. ते काम म्हणजे सत्कार. दहावी पास झालेल्याचा सत्कार, नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याचा उत्तेजनार्थ सत्कार, मागावरून निवृत्त झालेल्याचा, दवाखान्यातून घरी आलेल्याचा, आणि ज्याचं वर्षभर काहीच झालं नाही त्याचा ज्येष्ठ म्हणून. कॉम्प्युटर एका साडीच्या व्यापाऱ्यानं भेट दिला होता. (व्यापाऱ्याचा सत्कार झाला.) त्याच्यावर जरीच्या काठाचं झाकण होतं आणि ते काढण्याचा अधिकार फक्त सचिव भूपेंद्र यांना होता. पासवर्डही त्यांनाच माहीत होता. तो त्यांनी विसरू नये म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला होता.

हर्षदाची अडचण साधी होती. साध्या अडचणींचं हेच वाईट असतं, त्यांच्यासाठी लगेच समिती बसत नाही. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका सूत कंपनीला कॉम्प्युटरच्या खोलीत माणूस हवं होतं. दसरा झाला की परीक्षा, तीही लेखी नाही. मशीनवर बसवून हात कसा चालतो ते बघणार. तिथली सगळी मशीनं लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारी. हर्षदा क्लासमध्ये ते शिकली होती, पण क्लास बंद पडला आणि घरी मोबाइलशिवाय काही नव्हतं. पेनड्राइव्हवर तिच्याजवळ ते होतं, पण पेनड्राइव्हवरून चालवलं तर मशीन बंद करताच आज जे जे बसवलं ते ते विसरून जातं आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. तिला रोज थोडा वेळ आणि डिस्कवर थोडी कायमची जागा पाहिजे होती. मंडळाचा कॉम्प्युटर सत्कार नसेल तेव्हा झोपलेलाच असायचा.

श्रावणात एका संध्याकाळी तिनं घरी सासऱ्यांपुढे विषय काढला.

"आप्पा, जुनी सिस्टीम डिस्कवर पाय पसरून पडली आहे. तिला थोडं आकसून घ्यायचं. मोकळी झाली त्या जागेत नवी बसवायची. जुनी जात नाही, तिचं काही बिघडत नाही. मशीन सुरू केलं की ते विचारतं, कोणाला उठवू? एका वेळी एकच जागी राहते."

दगाआप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे दिवसपाळी आणि रातपाळी."

"हां, तसंच."

"मग एवढं समजावून काय सांगतेस? यात तर माझा जन्म गेला."

हे खरं होतं. दगाआप्पा तरुणपणी कतारगामला मागावर होते तेव्हा ते पाळीच्या खोलीत राहायचे. पाळीची खोली म्हणजे अशी खोली, जिच्यात मावतील त्याच्या दुप्पट माणसं राहतात आणि तरी कोणी कोणाला झोपलेलं सोडून दुसऱ्या अवस्थेत बघत नाही. सकाळी सातला दिवसपाळीवाले उठून कारखान्यात जायचे, रातपाळीवाले परत येऊन त्याच जागी आडवे व्हायचे. जमीन कधी थंड पडायची नाही. अशा खोलीचे कायदे कोणी लिहिलेले नव्हते, पण मोडणाऱ्याला जेवणाच्या वेळी भाजी कमी मिळायची, म्हणून ते पाळले जायचे. पहिला कायदा, उठलास की अंथरूण गुंडाळ. दुसरा, एका माणसाला भिंतीवर एकच खिळा. तिसरा, गावी गेलेल्याची पेटी तो परत येईपर्यंत कोणी हलवायची नाही.

या कायद्यांचे दगाआप्पा इतके जाणकार होते, की खोल्याखोल्यांमधली भांडणं त्यांच्याकडे यायची. त्या लौकिकावरच ते पुढे मंडळाचे सल्लागार झाले. आता सून ज्या कामासाठी जागा मागत होती त्या कामातला अख्ख्या सुरतेतला सर्वांत अनुभवी माणूस तिच्या घरातच निघाला. इथूनच तिच्या दुर्दैवाला सुरुवात झाली.

स्वयंपाकघरातून शोभाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, विचारलं, "आते काय, मिटिंग लेतस का?"

"घ्यावी लागेल. घरचं माणूस आहे म्हणून काय नियम मोडायचा?"

उलट घरचं माणूस आहे म्हणून नियम जास्त कडक लावायला हवा, हे दगाआप्पांचं मत. परक्या कोणी जागा मागितली असती तर त्या दिवशीच मिळाली असती. सून असल्यामुळे न्यायानं उशीर होणं भागच होतं. हर्षदाला झाकणाच्या आतला पासवर्ड ठाऊक होता. चोरून बसली असती तर दुपारच्या दुपारी काम उरकलं असतं. पण सासरे सल्लागार. तिनं रीतसर मागितलं, आणि रीतीला फार दिवसांनी काम मिळालं.

पहिल्याच बैठकीत जागा आकसन उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष रघुनाथभाऊ, जे मंडळाचे अध्यक्ष होते आणि बांधकामाला माणसं पुरवायचे. कार्यवाह भूपेंद्र. मार्गदर्शक दगाआप्पा. हर्षदाला 'विशेष निमंत्रित' म्हणून घेण्यात आलं आणि खोली लहान असल्यामुळे जिन्यात उभं करण्यात आलं. तिथून ती विचारल्यावर उत्तरं द्यायची.

"भूपेंद्रभाई, दसऱ्यानंतर परीक्षा आहे माझी," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"थई जशे," भूपेंद्र म्हणाले.

ज्यांना सुरतेची सवय नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की 'थई जशे' म्हणजे 'होऊन जाईल'. त्यात कोण करणार ते नसतं, कधी ते नसतं, पण ऐकणाऱ्याच्या छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरतं. औषध म्हणून त्याला तोड नाही. रोग मात्र तसाच राहतो.

उपसमितीनं प्रथम डिस्कची पाहणी केली. भरलेल्या जागेचा हिशेब असा निघाला: शंभरातले एकसष्ट भाग सत्कारांचे व्हिडिओ, एकोणीस भाग सत्कारांचे फोटो, अकरा भाग त्यातलेच निवडक फोटो पुन्हा. (फोटो हरवू नयेत म्हणून भूपेंद्रांनी ते त्याच डिस्कवर शेजारी आणखी एकदा ठेवले होते. घराला आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून किल्लीची दुसरी प्रत घरातच ठेवण्यासारखं.) उरलेले नऊ भाग 'नवीन फोल्डर' नावाच्या फोल्डरांनी व्यापले होते. नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर तीन, असे ते पुढे पुष्कळ लांब जात होते. मंडळाची घटनाही एका कोपऱ्यात सापडली. ती इतकी कमी जागा घेत होती की तिची गणती करता आली नाही.

"हे डबल फोटो आणि हे नवीन फोल्डर काढून टाका," जिन्यातून हर्षदा म्हणाली. "मोप जागा होईल."

रघुनाथभाऊंनी मान डोलावली. भूपेंद्रांनी माऊसवर हात ठेवला. आणि दगाआप्पा म्हणाले, "थांबा. मालक हजर आहे का?"

"कसला मालक?"

"फोल्डरचा. पेटी मालकासमोर हलवायची असते."

इथे लोटूच्या पेटीचं सांगणं आलं. लोटू हा पाळीच्या खोलीतला दगाआप्पांचा जोडीदार. दगाआप्पा दिवसपाळीला, लोटू रातपाळीला, जागा एकच. एका वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन येतो म्हणून लोटू गेला, आणि पत्र्याची हिरवी पेटी कोपऱ्यात ठेवून गेला. तो आला नाही. पेटी राहिली. तिच्यामुळे त्या जागी झोपणाऱ्याला पाय दुमडावे लागायचे, पण कायदा तिसरा. पुढे दगाआप्पांचं लग्न झालं, खोली बदलली, पेटी सोबत आली. तापीचं पाणी शहरात शिरलं त्या वर्षी त्यांनी स्वतःची सायकल वाहून जाऊ दिली आणि पेटी माळ्यावर चढवली. आता ती नवागामच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीला लागून आहे. तिच्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. शोभाबाईंना तिचा कोपरा मात्र चांगला माहीत आहे, तो त्यांच्या अंगठ्याला दर आठवड्याला भेटतो.

ही हकिकत ऐकून उपसमितीला गहिवरून आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला: मालक समक्ष असल्याशिवाय डिस्कवरचं काहीही हलवू नये. फळ्यावर नोटीस लागली. 'नवीन फोल्डर' या नावाच्या वस्तूच्या मालकांनी कार्यालयात येऊन आपापला ताबा घ्यावा. खाली एक ओळ दगाआप्पांच्या सूचनेवरून टाकली होती: ज्यानं ही नोटीस वाचली त्याला ती पोचली, आणि वाचूनही जो गप्प राहिला त्याच्यामुळे होणाऱ्या अडचणीला तोच जबाबदार.

या शेवटच्या ओळीचा परिणाम फार चांगला झाला. माणसं येऊ लागली. सुषमाबाई म्हणाल्या, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो एकदा इथे टाकले होते, ते नवीनच होते, म्हणजे फोल्डर त्यांचाच. उघडून पाहिलं तर आत गिरणीच्या वीजबिलाचा फोटो निघाला. "राहू द्या, तोही ठेवा," त्या म्हणाल्या, "बिल आहे, लागेल कोणाला." सरलाबाईंनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण मंडळात काहीतरी वाटप चाललं आहे असं कळल्यामुळे त्या पिशवी घेऊन आल्या होत्या. एका गृहस्थानं तर सहा क्रमांकाचा फोल्डर आपल्या वडिलांचा असल्याचं सांगितलं आणि वडिलांच्या नावे सत्काराची मागणी केली. (ती मान्य झाली.) ज्यांचे फोल्डर नव्हते त्यांच्यासाठी, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, भूपेंद्रांनी जागच्या जागी नवीन फोल्डर बनवून दिले. आकसन मोहीम सुरू झाल्यापासून डिस्क आणखी भरली.

व्हिडिओंचा प्रश्न नाजूक होता. एका व्हिडिओत माणसं शंभर, मग मालक कोण? दगाआप्पांनी रात्रभर विचार करून निवाडा दिला: जो त्यात सर्वांत जास्त वेळ दिसतो तो मालक, बाकीचे पाहुणे. या निवाड्यानं एकसष्टातले त्रेपन्न भाग रघुनाथभाऊंचे ठरले, कारण सत्कार कोणाचाही असो, भाषण त्यांचं असायचं. मालक समक्ष हजर होते. त्यांना विचारण्यात आलं, यातलं काही काढायचं का?

"माझं काय आहे त्यात?" रघुनाथभाऊ डोळे मिटून म्हणाले. "ती समाजाची ठेव आहे. मी कोण काढणारा?"

असा निगर्वी अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं. एक ठेवही हलली नाही.

जिन्यात हर्षदा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. गणपती बसले आणि उठलेही. शेवटी तीच म्हणाली, "आप्पा, तुमच्या खोलीत एका माणसाला किती खिळे होते?"

"एक."

"मग एकच फोटो दोनदा कसा?"

दगाआप्पांनी बोटावर एक खिळा मोजला. मग त्यांनी भूपेंद्रांकडे पाहिलं. "एका माणसाला एक खिळा. दुसऱ्यांदा टांगलेले उतरवा." डबल फोटो निघाले. हर्षदाला हवी त्याहून जास्त जागा मोकळी झाली, आणि उपसमितीनं 'कायद्याच्या चौकटीत राहून मिळवलेलं यश' म्हणून त्या दिवशी भजी मागवली.

पण जागा मोकळी होणं आणि जागा मिळणं यांत अंतर असतं, हे सुरतेत भाड्यानं खोली शोधलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. हर्षदानं जुन्या सिस्टीमला आकसायला सांगितलं तेव्हा तिनं उत्तर दिलं, की एवढी मोकळी दिसत असली तरी देता येईल ती चिमूटभर. मधे काहीतरी असं बसलं आहे जे हलवता येत नाही.

दगाआप्पांचा हात नकळत कपाळाकडे गेला. "कोणाची आहे पेटी?"

"पेटी नाही आप्पा. ही जुनी सिस्टीम झोपते ना, तेव्हा पूर्ण झोपत नाही. उठल्यावर पटकन कामाला लागता यावं म्हणून सगळा पसारा जसाच्या तसा डिस्कवर मांडून ठेवते. तो पार टोकाला मांडलाय. त्याच्या अलीकडे आकसता येत नाही."

"म्हणजे अंथरूण गुंडाळत नाही," दगाआप्पा म्हणाले.

"नाही गुंडाळत."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "ह्या माणसाला आमच्या खोलीत एक रात्र कोणी राहू दिलं नसतं. पाळी संपली, गेला, आणि अंथरूण तसंच? येणाऱ्यानं काय डोक्यावर झोपायचं?" त्यांना असा एक जोडीदार आठवला. एकदा त्याच्या पसरलेल्या अंथरुणावर त्यांनी मडकंभर पाणी ओतलं होतं. तो उपाय इथे करू नये, असं हर्षदानं जिन्यातून दोनदा सांगितलं.

तिनं आत येण्याची परवानगी मागितली. भूपेंद्र खाली चहा सांगायला गेले होते, त्यांच्या खुर्चीत ती बसली. अर्धवट झोपायची सवय बंद केली, तो पसारा पुसून टाकला, मशीन एकदा बंद करून सुरू केलं, आणि आकसायला सांगितलं. जुनी सिस्टीम मुकाट्यानं सरकली. भूपेंद्र चहा घेऊन वर आले तेव्हा काम झालं होतं. उपसमितीला याचा थोडा धक्का बसला. एवढं मोठं काम इतक्या पटकन होणं मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. म्हणून नोंद करताना 'दीर्घ व अथक प्रयत्नांनंतर' असे शब्द घालण्यात आले, आणि ते खोटेही नव्हते.

पडद्यावर आता जुन्या सिस्टीमच्या निळ्या पट्टीशेजारी एक काळी पट्टी दिसत होती. रिकामी. कोणाचीही नाही. सगळे चष्मे लावून जवळ आले. नवागामात इतकी मोकळी जागा एका ठिकाणी कोणीच पाहिली नव्हती.

"मी बसवू का आता?" हर्षदानं विचारलं. पेनड्राइव्ह तिच्या हातातच होता.

"बेटा," रघुनाथभाऊ म्हणाले, "उद्घाटनाच्या आधी कसं बसता येईल?"

घटस्थापनेचा मुहूर्त धरला. गिरणीच्या पायरीवर नारळ फुटला, कॉम्प्युटरला हार घातला (पडदा दिसत नव्हता म्हणून नंतर तो बाजूला सरकवला), आणि मार्गदर्शक या नात्यानं दगाआप्पांचं भाषण झालं. रघुनाथभाऊंचं त्याआधी झालं होतं, पण त्यांचा घसा बसल्यामुळे ते आटोपशीर होतं. दगाआप्पा कागद न घेता बोलले. जमीन थंड न पडणारी खोली, लोटू, पेटी, पूर, सायकल. 'मागणाऱ्याला आपण सरकून जागा दिली पाहिजे,' हे वाक्य त्यांनी इतक्या वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं, की बायकांनी डोळे पुसले आणि खाली गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. उभ्या आयुष्यात त्यांचं इतका वेळ कोणी ऐकून घेतलं नव्हतं. हर्षदा मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम मोठ्या कॅमेऱ्यानं, अगदी उच्च प्रतीचा, सलग चित्रित केला होता. त्याच दिवशी भूपेंद्र तो कॉम्प्युटरवर ठेवायला गेले तर मशीन म्हणालं, जागा नाही. (जुनी सिस्टीम आकसलेली होती आणि नवीन फोल्डर वाढलेले होते.) भूपेंद्र क्षणभर घाबरले. मग त्यांना शेजारची काळी पट्टी दिसली. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, मशीननं जे जे विचारलं त्याला हो म्हटलं, पट्टी निळी झाली, आणि जागा करून दिल्याच्या समारंभाचा व्हिडिओ त्या करून दिलेल्या जागेत ठेवला. तो तिथे बरोबर मावला. जणू तेवढीच जागा मापून काढली होती.

दुसऱ्या दिवशी हर्षदा पेनड्राइव्ह घेऊन गेली आणि पेनड्राइव्ह घेऊन परत आली. घरी येऊन तिनं चप्पल काढली, मागच्या खोलीत जाऊन पेटीवर बसली. रडली नाही. परीक्षेला दहा दिवस राहिले होते.

"झालं का बसवून?" दगाआप्पांनी दारातून विचारलं.

"जागेत तुम्ही आहात आप्पा."

"मी?"

"तुमचं भाषण. सगळी जागा त्यानं घेतली."

शोभाबाई पोळी लाटायची थांबल्या. पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "लोकसले सांगतस, सरका, जागा द्या. आन स्वतः कोठे बसनात? पोरना डोकावर." मग आत जाता जाता, जरा हळू, "भाषण चांगलं व्हतं पन."

दगाआप्पा उठले, टोपी घातली आणि मंडळात गेले. हर्षदाही मागोमाग गेली.

कार्यालयात भूपेंद्र रघुनाथभाऊंना तोच व्हिडिओ दाखवत होते. दगाआप्पांनी नमस्कार केला आणि उभ्यानंच विचारलं, "यात सर्वांत जास्त वेळ कोण दिसतं?"

"तुम्हीच आप्पा. दुसरं कोण?"

"मग मालक मी."

"हो, पण आमचे पण चेहरे आहेत ना त्यात. रघुनाथभाऊंचं भाषण आहे, नारळ आहे..."

"तुम्ही पाहुणे." ते हर्षदाकडे वळले. "मालक समक्ष हजर आहे. काढ."

रघुनाथभाऊ काहीतरी बोलणार होते. पण हा निवाडा मोडला असता तर त्यांचे त्रेपन्न भाग उघडे पडले असते, म्हणून ते गप्प राहिले. हर्षदानं माऊसवर हात ठेवला आणि ती थांबली. पडद्यावर आप्पा हात वर करून पूर किती चढला होता ते दाखवत होते.

"आप्पा, पूर्ण जाईल. परत आणता येणार नाही."

"मग मी बोललो होतो हे कोणाला कळेल?"

"मी होते ना मागे उभी."

त्यांनी थोडा विचार केला. "बटण कोणतं?" आणि मालकानं समक्ष, स्वतःच्या बोटानं, ते दाबलं. मग बराच वेळ ते बोट धोतराला पुसत राहिले, जसं काही लागलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगता येतं, कारण पुढे उपसमिती नव्हती. हर्षदानं त्या दुपारी नवी सिस्टीम बसवली. मशीन सुरू करताना आता ते विचारतं, कोणाला उठवू. ते दहा दिवस ती रोज गिरणीच्या आवाजात बसली. परीक्षेत तिचा हात चालला आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कंपनीनं तिला घेतलं. मंडळानं अर्थातच सत्कार जाहीर केला. ती म्हणाली, सत्कार घेते, पण व्हिडिओ काढू नका. विचारांती सत्कार रद्द झाला, कारण ज्याचा व्हिडिओ नाही तो सत्कार झाला असं सिद्ध करता येत नाही.

नोकरी चांगली आहे. फक्त पाळी रात्रीची आहे. नवरा नितीन दिवसपाळीला मागावर जातो, सकाळी सातला ती परत येते आणि मागच्या खोलीत, खिडकीखाली, त्याच जागी आडवी होते. जमीन अजून गरम असते. अंथरूण तो गुंडाळून ठेवतो. वडिलांनी शिकवलं आहे. पण भिंतीला लागून हिरवी पेटी आहे, त्यामुळे हर्षदाला पाय दुमडून झोपावं लागतं.

"तुमनं भाषण काढनं, आते ही पेटी काढा," शोभाबाई रोज सांगतात.

"भाषण माझं होतं," दगाआप्पा म्हणतात. "पेटी लोटूची आहे."

ते अडले आहेत ते फक्त मालकासाठी. म्हणून ही हकिकत सांगण्यात आली आहे. तुमच्या घरात, शेजारात, गावात कोणी लोटू असेल, जो कधीकाळी सुरतेला मागावर होता आणि आखाजीला म्हणून परत आला, तर त्याला नवागामला पाठवा. तो नसेल तर त्याच्या मुलाला, नातवाला. आत काय आहे ते सांगून ओळख पटवायची गरज नाही. आम्हीही उघडून पाहिलेली नाही. नुसतं येऊन 'माझी आहे' म्हणावं, तेवढ्यावर देऊ. नवीन फोल्डरसुद्धा तसेच दिले होते.

ही नोटीस तुम्ही शेवटपर्यंत वाचली, म्हणजे ती तुम्हाला पोचली. आता तुम्ही मनात 'बघू, होऊन जाईल' असं म्हणाल आणि पान उलटाल. उलटा. काही घाई नाही. हर्षदा आज सकाळीही पाय दुमडूनच झोपली आहे. कालपर्यंत लोटूमुळे, आजपासून तुमच्यामुळे.